बुक क्लबचे सहा महिने: स्टिकर काढू नका!

परवा पुस्तकांच्या दुकानातून त्यांच्या बुक क्लबची जून ते ऑगस्टची यादी आली. खाली बारीक अक्षरांत ‘नूतनीकरण: सहा महिने, 1200 रुपये’. ते वाचून लिहायला बसलो, नाहीतर एप्रिलपासून गप्पच होतो. दुकान पुण्यातलं आहे, नाव लिहीत नाही, कारण भांडण मिटलंय आणि मला तिथे परत जायचंय.

क्लबची पद्धत बहुतेकांना माहीत असेल. महिन्याला एक कादंबरी, ती त्यांच्याकडूनच घ्यायची, दहा टक्के सूट, शेवटच्या शनिवारी चर्चा आणि चहा. (अर्धा कप.) दहा टक्के तर अप्पा बळवंत चौकात न मागता मिळतात. माझा हिशेब असा: सहा पुस्तकांवर वाचले 200, चहाचे धरा 72. म्हणजे 928 रुपये नुसत्या गप्पांचे, एका शनिवारचे जवळजवळ 155. इतक्या पैशांत पार्किंगची तरी सोय असावी.

पण माझं खरं दुखणं स्टिकर. प्रत्येक प्रतीच्या मुखपृष्ठावर लाल, गोल, ‘या महिन्याची निवड’ असा शिक्का मारल्यासारखा स्टिकर चिकटवतात, तोही नेमका लेखकाच्या नावाला खेटून. नखाने काढायला जावं तर लॅमिनेशनचा पापुद्रा निघतो. हेअर ड्रायरने गरम करून काढला तर खाली चिकट वण राहतो आणि त्यावर धूळ बसून काळं वर्तुळ होतं. शेवटी बायकोने सांगितलेला उपाय लागू पडला: खोबरेल तेलाचं बोट फिरवायचं, दहा मिनिटं थांबायचं, कापसाने पुसायचं. डिसेंबरपासून चार पुस्तकं अशी न्हाऊमाखू घातली.

आणि तिथेच फसलो. एप्रिलच्या कादंबरीत (नाव नको, उगाच प्रकाशकाची बदनामी) पान 96 उलटलं तर पुढे पुन्हा 81. आधी वाटलं, डोळ्यांवर झोप आलीय. मग लक्षात आलं, सोळा पानांचा एक फर्मा दोनदा बांधलाय आणि पुढचा गायबच आहे. दुसऱ्या 96 नंतर थेट 113. दुकानात गेलो तर काउंटरवरचा मुलगा म्हणाला, “काका, स्टिकर कुठंय? स्टिकर नसेल तर प्रत क्लबची धरत नाही.” बिल दाखवलं, तर ते गुळगुळीत कागदाचं, अक्षरं उडालेली. फर्मा चुकला छापखान्यात आणि गुन्हेगार मी, तेल लावणारा! प्रत बदलून मिळायला एकोणीस दिवस लागले. चर्चा त्याआधीच होऊन गेली.

इथवर वाचून वाटेल, हा माणूस आता वाचनालयाचा रस्ता धरणार. मीही तेच ठरवलं होतं. पुणे नगर वाचन मंदिर 1848 पासून आहे आणि तिथे कोणी आपल्याला पुस्तक विकत घ्यायला लावत नाही.

पण क्लबात मूळच्या अमरावतीच्या एक काकू आहेत. फेब्रुवारीत उद्धव शेळक्यांची ‘धग’ होती, 1960 ची. तिच्यातल्या वऱ्हाडी बोलीशी माझं जमेना, वीस पानांत दोनदा खाली ठेवली. चर्चेत काकूंनी नायिकेचे, कौतिकचे, संवाद नुसते वाचून दाखवले, समजावलं काहीच नाही. कौतिक चिडून बोलते तिथे त्या आवाज चढवत नव्हत्या, उलट खाली आणत होत्या. घरी येऊन मी पहिल्या पानापासून मोठ्याने वाचायला लागलो. बायकोने मालिकेचा आवाज बंद केला. लग्नाला बावीस वर्षं झाली, हे पहिल्यांदाच घडलं.

एप्रिलमध्ये माझी हरवलेली सोळा पानं काकूंनीच व्हॉट्सअॅपवर फोटो काढून पाठवली, प्रत्येक फोटोत कोपऱ्यात त्यांचा अंगठा. पान 104 वरची शेवटची ओळ अंगठ्याखाली गेली होती. फोन केला, तर त्यांनी ओळ वाचून दाखवली आणि पुढचं अर्धं पानही. ते मी आधीच वाचलेलं होतं, पण थांबवलं नाही. 155 रुपयांच्या हिशेबात हे कुठे धरायचं ते कळेना, म्हणून कागद फाडला.

आता यादी. जून ‘बनगरवाडी’, जुलै ‘रणांगण’, ऑगस्ट ‘झाडाझडती’. पहिलीबद्दल तक्रार नाही, पावसाळ्याच्या तोंडावर माडगूळकरांचा दुष्काळ वाचायला माझी हरकत नाही. ‘रणांगण’ 1939 चं, युरोपातून निघालेल्या बोटीवरचं, दोन बैठकींत संपेल इतकं छोटं, त्याला अख्खा महिना. आणि धरणग्रस्तांवरची ती जाडजूड ‘झाडाझडती’ नेमकी सणासुदीत! अदलाबदल करा म्हणून मी लेखी दिलंय. उत्तर नाही.

सहा नाही, तीनच महिन्यांचे पैसे भरले, 600. काउंटरवरच्या मुलाला बजावलं, “माझ्या पुस्तकावर स्टिकर लावायचा नाही.” त्याने मान डोलावली, ‘बनगरवाडी’ पिशवीत टाकली आणि स्टिकर बिलावर चिकटवून दिला, नेमका रकमेवर.