सॉफ्टवेअर डेमोभोवतीची चौकट: ओबीएस स्टुडिओ काही महिने वापरल्यावर

आमची कंपनी पतसंस्थांसाठी सॉफ्टवेअर बनवते आणि ते कसं वापरायचं हे दाखवणारे छोटे व्हिडिओ करणं हे माझं काम. बघणारे म्हणजे शाखेतले क्लार्क, रोखपाल, कधी मॅनेजर. बहुतेक जण व्हॉट्सअॅप ग्रुपवर आलेला व्हिडिओ मोबाइलवरच बघतात. मागच्या पावसाळ्यापासून प्रत्येक डेमोत स्क्रीनभोवती आमची स्वतःची पार्श्वभूमी असते आणि ती मी ओबीएस स्टुडिओतच, रेकॉर्डिंग होतानाच लावते. ओबीएस हे स्क्रीन रेकॉर्ड करायचं सॉफ्टवेअर, मोफत आणि ओपन सोर्स आहे; विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. मॅकवर हे काम आपोआप करणारी स्क्रीन स्टुडिओसारखी अॅप्स आहेत, पण आमच्याकडे सगळी विंडोजची मशीन्स.

मांडणी सोपी आहे. सोर्सेसच्या, म्हणजे चित्रात काय काय दिसणार त्याच्या, यादीत खाली पार्श्वभूमीची इमेज, तिच्या वर विंडो कॅप्चर, म्हणजे आमच्या सॉफ्टवेअरच्या विंडोचं चित्र. यादीत जे वर ते चित्रात पुढे. दोन्ही जागेवर बसले की कुलपाच्या खुणेवर क्लिक करून लॉक करायचे, नाहीतर माउसचा धक्का लागून चौकट सरकते. इथपर्यंत पाच मिनिटांचं काम. खरी मेख पुढे आहे.

बहुतेक ठिकाणी सांगतात की पूर्ण स्क्रीन पकडा आणि कोपरा धरून लहान करा. १९२० × १०८० चं चित्र ८५ टक्क्यांवर आणलं की १६३२ × ९१८ होतं, भोवती छान समास सुटतो, आणि अक्षरं मार खातात. खातेदाराच्या नावातला अनुस्वार, रफार, रकमेतला दशांशाचा ठिपका हे सगळं एकदोन पिक्सेलचं असतं. आकार कमी करताना ते शेजारच्या रंगात मिसळतं. सोर्सवर उजवं क्लिक करून स्केल फिल्टरिंगमध्ये लँक्झोस (आकार बदलायची जास्त धारदार पद्धत) निवडलं तर फरक पडतो, पण मूळ धार परत येत नाही. माझ्या मते व्याजाचा दर वाचता येत नसेल तर तो डेमो कितीही देखणा असला तरी फुकट आहे.

म्हणून चित्र लहान करायचंच नाही, सॉफ्टवेअरची विंडोच लहान करायची. विंडो १६०० × ९०० ची ठेवली आणि कॅनव्हास, म्हणजे व्हिडिओचं पूर्ण चित्र, १९२० × १०८० चा, तर डावी-उजवीकडे १६०-१६० आणि वर-खाली ९०-९० पिक्सेल उरतात. स्क्रीनवरचा प्रत्येक पिक्सेल व्हिडिओत जसाच्या तसा उतरतो. आकार बरोबर आलाय का ते कंट्रोल आणि ई दाबल्यावर उघडणाऱ्या ट्रान्सफॉर्मच्या चौकोनात दिसतं. विंडोजचं डिस्प्ले स्केलिंग मात्र १०० टक्क्यांवर हवं आणि अक्षरं सॉफ्टवेअरच्या आतूनच मोठी करून घ्यायची.

पण हिशेब करून बघा. १६०० × ९०० म्हणजे एकूण क्षेत्रफळाच्या ६९ टक्के. जवळजवळ ३१ टक्के जागा नुसत्या रंगाला दिली. लॅपटॉपवर हे खपून जातं, मोबाइलवर नाही. त्यामुळे दाट तक्ते असलेल्या स्क्रीनसाठी, म्हणजे दैनिक ताळेबंद किंवा कर्जाच्या हप्त्यांचं वेळापत्रक, मी १७६० × ९९० वापरते. समास ८० आणि ४५ चा राहतो आणि ८४ टक्के जागा कामाची मिळते. सगळीकडे दिसणारे ते ऐसपैस, हवेशीर समास मोबाइलवर बघणाऱ्यासाठी नाहीत, हे माझं ठाम मत झालंय.

गोल कोपऱ्यांसाठी इमेज मास्कचा फिल्टर आहे, पण त्याहून सुटसुटीत उपाय म्हणजे पार्श्वभूमी मागे न ठेवता पुढे ठेवायची. गिंप या चित्रं बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये १९२० × १०८० ची पीएनजी करायची, मध्ये कोपरे किंचित गोल केलेला पारदर्शक चौकोन कापायचा आणि ही इमेज यादीत सगळ्यात वर टाकायची. विंडोचे टोकदार कोपरे आपोआप झाकले जातात. सावलीही त्या चित्रातच काढून ठेवता येते.

रंगाबद्दल एकच सांगते: गडदाकडून फिकटाकडे जाणारी पार्श्वभूमी टाळा. नेहमीचा व्हिडिओ ८ बिटांचा असतो, म्हणजे रंगछटा मोजक्याच, त्यात हळूहळू बदलणाऱ्या रंगाचे पट्टे पडतात आणि व्हॉट्सअॅपने दाबल्यावर ते आणखी उठून दिसतात. सपाट रंग उत्तम. हलणारी पार्श्वभूमी तर नकोच. स्थिर रंगाला फाइलमध्ये जवळपास काहीच जागा लागत नाही, हलत्या चित्राला प्रत्येक फ्रेमचा खर्च येतो.

आम्ही ठेवींच्या व्हिडिओंना हिरवी चौकट देतो, कर्जांना निळी, दिवसअखेरच्या कामांना विटकरी. खालच्या पट्टीत ‘सराव डेटा’ असं लिहिलेलं असतं, म्हणजे स्क्रीनवरची नावं-रकमा खऱ्या खात्यांच्या नाहीत हे लगेच कळतं. ‘ताई, तो हिरवा व्हिडिओ परत पाठवा’ असे मेसेज आता शाखांमधून येतात. तिन्ही चौकटी मी ओबीएसच्या वेगवेगळ्या सीनमध्ये (सीन म्हणजे सोर्सेसची एक जुळवलेली मांडणी) ठेवल्यात आणि तेच सीन बाकीच्या सीनमध्ये सोर्स म्हणून घेतलेत. लोगो एका जागी बदलला की सगळीकडे बदलतो.

विंडो कॅप्चर निवडलेली विंडोच पकडतं. मागचे मेल, टास्कबार, नोटिफिकेशन काहीच येत नाही, ही चांगली बाजू. पण खातेदार शोधायची यादी आमच्या सॉफ्टवेअरमध्ये वेगळी विंडो म्हणून उघडते, आणि ती रेकॉर्डिंगमध्ये येत नाही. अशा वेळी पूर्ण स्क्रीन पकडणारं डिस्प्ले कॅप्चर घेऊन ऑल्ट दाबून कडा आत ओढायच्या. कापलेली कड हिरवी दिसते. तेवढा वेळ नोटिफिकेशन बंद ठेवायला विसरू नका.

रेकॉर्ड झालेली चौकट नंतर काढता येत नाही. ज्या डेमोचं स्टेटससाठी उभं रूपही लागणार आहे, तो मी चौकटीशिवाय रेकॉर्ड करते आणि चौकट नंतर शॉटकट या व्हिडिओ एडिटरमध्ये वरच्या ट्रॅकवर टाकते. त्याला वेळ जास्त लागतो, पण एकाच रेकॉर्डिंगमधून दोन्ही आकार निघतात.