रॉक गिगसाठीचे फिल्टरवाले इअरप्लग : बरेच महिने वापरल्यानंतर

आधी निकाल सांगून टाकते, ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी: घ्या. रॉक, मेटल, जे काही जोरात वाजतं ते ऐकायला तुम्ही नेहमी जात असाल तर एका तिकिटाचे पैसे यात घाला, वसूल होतात. बाकीचं सविस्तर लिहिते, कारण मी शोधत होते तेव्हा मराठीत नीट काही सापडलं नाही आणि मेडिकलवाल्याकडे इअरप्लग मागितले की तो झोपताना घालायचे फोमचे पिवळे बोळे काढून देतो.

माझे आहेत ते सिलिकॉनचे, एकावर एक तीन टोप्या असल्यासारखे, आणि मधल्या नळीत एक बारीकसा फिल्टर. ब्रँड लिहीत नाही, या प्रकारातले बरेचसे एकाच तत्त्वावर चालतात आणि कानाच्या आकाराप्रमाणे एकाला जो बसतो तो दुसऱ्याला बसत नाही. साधारण दीड-दोन हजारात चांगले मिळतात. मागच्या पावसाळ्याच्या आधी घेतले, तेव्हापासून खार आणि लोअर परळचे छोटे गिग, महालक्ष्मी रेसकोर्सवरचे मोठे शो, मित्रांची जॅमरूम आणि गिरगावातली विसर्जन मिरवणूक, एवढ्या ठिकाणी वापरून झालेत.

घ्यायचं कारण म्हणजे एका बंद हॉलमधला मेटल गिग. तिथून निघाल्यावर कानात दडे बसलेले, ते ठीक, सगळ्यांनाच बसतात, पण दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उजव्या कानात बारीक शिट्टी चालू होती आणि आई स्वयंपाकघरातून काय बोलतेय ते शब्द कळत नव्हते, नुसता आवाज येत होता. दोन दिवसांत गेलं. पण गेलं म्हणजे काही झालंच नाही असं नसतं, हे नंतर कळलं. आपल्या आतल्या कानात ध्वनी पकडणाऱ्या केसाळ पेशी असतात, एका कानात साधारण पंधरा-सोळा हजार, जन्मताना मिळतात तेवढ्याच, माणसात त्या मेल्या की नवीन उगवत नाहीत. मोठ्या आवाजाने त्या दमतात, मग सावरतात, ऐकू पूर्ववत येतं. पण २००९ मध्ये बॉस्टनच्या संशोधकांनी उंदरांवर दाखवलं की ऐकण्याची पातळी पूर्ण परत आल्यावरही पेशी आणि नस यांच्यातले बरेच जोड कायमचे तुटलेले असू शकतात. माणसात हे नेमकं किती होतं यावर अजून अभ्यास चालूय, पण मला माझ्या कानांवर तो प्रयोग करायचा नाहीये.

आणि गणित बघा. अमेरिकेतली नायोश ही कामगारांच्या आरोग्यावर काम करणारी संस्था सांगते की ८५ डेसिबलला आठ तास चालतील, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक, ९७ ला अर्धा तास, १०० ला पंधरा मिनिटं. १०३ ला साडेसात. फोनवर मोजायचं ॲप टाकलंय, फोनचा माइक एवढ्या मोठ्या आवाजाला पूर्ण भरवशाचा नसतो हे मान्य, पण अंदाज येतो, आणि छोट्या हॉलमध्ये स्टेजजवळ तो आकडा शंभराच्या वर जातो, मागे साउंडवाल्याच्या मिक्सरपाशी ९६-९७. म्हणजे स्टेजजवळ उभं राहिलं तर सुरुवातीच्या दोन गाण्यांतच दिवसभराचा कोटा संपला, आणि गिग तर दोन-अडीच तास चालतो! प्लगने खरोखर १२ ते १५ डेसिबल कमी झाले तर तेच १०३ कानापाशी ९० च्या आसपास येतं आणि दोन तास आरामात निघतात. म्हणून मला ३० डेसिबल कापणारं काही नको होतं, एवढंच पुरतं.

आता सगळे विचारतात तो प्रश्न, की आवाजच कमी केला तर मग मजा काय राहिली, घरी यूट्यूबवर बघा ना. यावर मला मनापासून सांगायचंय, मजा वाढते. फोमच्या बोळ्यांनी मजा जाते हे खरं, कारण ते वरचे सूर जास्त मारतात आणि खालचे कमी, म्हणून सगळं गोधडीत गुंडाळल्यासारखं ऐकू येतं, गायकाचे शब्द गायब, नुसता बेसचा गोंगाट. शिवाय मोकळ्या कानाची नळी स्वतःच अडीच-तीन हजार हर्ट्झच्या आसपासचा आवाज वाढवून पडद्याला देते, आणि बोळा घातला की नैसर्गिकरीत्या मिळणारी ती वाढ जाते. फिल्टरवाल्या प्लगमध्ये हाच विचार केलेला असतो, ती वाढ भरून काढायची आणि खालपासून वरपर्यंत सगळं जवळपास सारखंच खाली आणायचं. अमेरिकेतल्या एटिमॉटिक कंपनीने १९८० च्या दशकाच्या शेवटी वादकांसाठी असे प्लग आणले, आता बऱ्याच कंपन्या काढतात. स्वस्तातल्या काहींमध्ये नुसतंच भोक असतं आणि फिल्टर नावाला, त्यांचा आवाज फोमसारखाच कोंदट येतो, तेवढं बघून घ्या.

प्रत्यक्षात काय होतं तर, दोन गिटार एकत्र वाजत असतात त्या वेगळ्या ऐकू यायला लागतात. मोकळ्या कानाने शंभराच्या वर सगळं एकमेकांत मिसळून जातं, कान स्वतःच कुरकुरायला लागतो, सिंबलचा, म्हणजे ड्रम किटच्या थाळ्यांचा, नुसता फवारा होतो. प्लग घातल्यावर त्यातली हाय-हॅट वेगळी, राइड वेगळी, बेसवाला कुठे बोटाने वाजवतोय आणि कुठे पिकने ते कळतं. माझा आवडता भाग सांगते: किक ड्रम छातीत पूर्वीइतकाच बसतो, कारण खालचे सूर अंगातून आणि जमिनीतून येतात, प्लगचा त्याच्याशी काही संबंध नाही. म्हणजे धक्का तोच राहतो आणि वरची टोचणी जाते. सेट संपल्यावर डोकं शिणलेलं नसतं, हे तर मला अपेक्षितच नव्हतं.

पहिला अर्धा तास मात्र विचित्र वाटतं. स्वतःचा आवाज डोक्यात घुमतो, चावताना, गिळताना ऐकू येतं, आणि गाणं जोरात म्हणायला लागलं की आपणच जास्त ऐकू येतो. प्लग थोडा आतपर्यंत बसला की हे घुमणं कमी होतं. एक गोष्ट लक्षात ठेवा, प्लग घातलेला माणूस गोंगाटात नकळत हळू बोलतो, त्यामुळे मैत्रिणींना माझं काही ऐकू येत नाही म्हणून त्या माझ्या कानापाशी येऊन ओरडतात. त्यांना आता सांगून ठेवलंय की ओरडू नका, मला तुमचं नीट ऐकू येतंय, मीच मोठ्याने बोलते. उलट मोकळ्या कानात कुणी तोंड लावून ओरडतं तेव्हा तेही कानाला चांगलंच लागत असतं, त्याचा कुणी विचार करत नाही.

फिटिंगबद्दल जरा जास्त लिहिते कारण सगळा खेळ तिथेच आहे. प्लग किती डेसिबल कापतो त्याचा पाकिटावर जो आकडा असतो, एनआरआर किंवा एसएनआर, तो प्रयोगशाळेत अगदी नीट बसवल्यावरचा असतो, आणि जराशी फट राहिली तर पहिल्यांदा बेस आत शिरतो आणि मग सगळंच. उजवा प्लग घालताना डावा हात डोक्यावरून नेऊन उजव्या कानाची पाळी वर आणि मागे ओढायची, नळी सरळ होते, मग हळूहळू फिरवत आत. बसला की नाही ते बघायला तोंड मिटून गुणगुणायचं, दोन्ही कानांत सारखं घुमलं पाहिजे, एका बाजूला कमी घुमलं तर तिथे फट आहे. प्लगसोबत पाकिटात आलेल्या लहान साइजला मी आधी हात लावला नव्हता आणि माझ्या डाव्या कानाला तोच लागला, दोन कान दोन मापांचे असणं अगदी नॉर्मल आहे. आणि हे सगळं बाहेर, गेटवर किंवा रांगेत करायचं. आत अंधारात, धक्क्यात नीट बसत नाही.

तक्रारी पण आहेत. मुंबईचा घाम! मे महिन्यात मोकळ्या मैदानात सिलिकॉन सरकतं, तासाभराने परत आत ढकलावं लागतं, आणि डोकं जोरात हलवणाऱ्यांचे तर बाहेरच येतात, त्यांनी दोरी लावलेले घ्यावेत. माझ्या भावाचा एक रेसकोर्सच्या चिखलात पडला तो पडलाच. दोन तासांच्या वर टोप्या थोड्या दुखायला लागतात, दोन बँडच्या मधल्या वेळात काढून कान मोकळे करते. मळाने फिल्टर बंद होतो, म्हणून टोप्या काढून कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुवायच्या, फिल्टरला पाणी लागू द्यायचं नाही. माझ्या टोप्या आता पिवळट आणि थोड्या कडक झाल्यात, बदलायला हव्यात, पण कंपनी सुट्या टोप्या इथे विकत नाही, हे मला अजिबात पटलेलं नाही. डबी मात्र छान आहे, चावीला अडकवलेली असते म्हणून विसरत नाही. रस्त्यावर आणि स्टेशनवर घालू नका, गाडीचा हॉर्न ऐकू आलाच पाहिजे.

मिरवणुकीत फारच उपयोग झाला. ताशाचा कडकडाट अगदी कानाच्या नाजूक भागात लागतो, तो सौम्य झाला आणि ढोल तसाच राहिला.

एका ओळखीच्या साउंडवाल्या दादाला विचारलं की एवढा आवाज ठेवताच का. तो म्हणाला, ताई, छोट्या हॉलमध्ये ड्रम किटला माइक न लावतासुद्धा शंभर जातो, त्याच्या वर गिटारचे अँप, आणि त्या सगळ्याच्या वर गायकाचा आवाज काढायचा म्हणजे मी खाली आणू कुठून. भिंती काँक्रीटच्या, समोर काच, सगळं परत फिरून येतं. आणि रात्र चढत जाते तसे मिक्सरवर बसलेल्याचे कानही दमतात, त्यालाही आवाज कमी वाटायला लागतो, मग फेडर, म्हणजे आवाजाची सरकपट्टी, थोडा वर, आणखी थोडा वर. म्हणजे शेवटचा बँड सगळ्यात मोठा असतो, त्यातलं हे एक कारण. हे ऐकल्यापासून मी मुख्य बँडच्या वेळी स्पीकरच्या समोरून बाजूला होते, साधारण मिक्सरजवळ, तिथे बॅलन्सही सगळ्यात चांगला असतो.

आपल्याकडच्या नियमांचं मात्र वाईट वाटतं. ध्वनी प्रदूषण नियम २००० चे, रात्री दहानंतर उघड्यावर लाउडस्पीकर बंद, सार्वजनिक जागेच्या हद्दीवर ७५ डेसिबलच्या वर नाही, हे सगळं शेजाऱ्यांसाठी, आणि ते हवंच, त्याबद्दल वाद नाही. आवाज फाउंडेशनसारख्या लोकांनी वर्षानुवर्षं मीटर घेऊन फिरून मुंबईत ते लावून धरलं म्हणून थोडीफार जाग आली. पण आत उभ्या असलेल्या प्रेक्षकाच्या कानाचं काय? धोबीतलावच्या रंगभवनात आमच्या आधीच्या पिढीने आय-रॉक हा रॉक महोत्सव बघितला, रंगभवन शांतता क्षेत्रात येतं म्हणून तिथले मोठे शो थांबले. मग आमच्या वाट्याला आले बंद हॉल, जिथे शेजारी सुरक्षित आणि आतला माणूस भिंतींमध्ये कोंडलेला. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये अशा जागांसाठी मानक काढलं, पंधरा मिनिटांची सरासरी १०० डेसिबलच्या आत, आवाज सतत मोजायचा, शांत कोपरा ठेवायचा, प्लग उपलब्ध ठेवायचे. फ्रान्समध्ये १०२ ची मर्यादा कायद्यातच आहे आणि प्लग फुकट द्यावे लागतात. इथे एवढी महाग तिकिटं घेतात, गेटवर फोमची जोडी द्यायला दहा-वीस रुपये लागतात, द्या ना.

लहान मुलांना घेऊन येणाऱ्यांना हात जोडून विनंती आहे, त्यांच्यासाठी कानावरून बसणारे इअरमफ घ्या, प्लग त्यांच्या छोट्या कानात धड बसत नाहीत. माझ्या भाच्याला निळे मफ घेतलेत, तो ते काढतच नाही, खांद्यावर बसून शेवटपर्यंत नाचतो. आणि कापूस कुणालाच नको, त्याने जवळपास काहीच अडत नाही.

वादक असाल, रोज जॅमरूममध्ये असाल, तर हे रेडिमेड घेऊन थांबू नका. ऑडिओलॉजिस्टकडे, म्हणजे ऐकण्याची तपासणी करणाऱ्या तज्ज्ञाकडे, जाऊन कानाचा साचा काढून घ्या, त्यात ९, १५ किंवा २५ डेसिबलचा फिल्टर बदलता येतो, ड्रमरने २५ चा बघावा. महाग पडतात, पण एसी/डीसी या रॉक बँडच्या गायकाला, ब्रायन जॉन्सनला, २०१६ मध्ये डॉक्टरांनी दौरा थांबवायला लावला होता, नाहीतर ऐकू येणं पूर्ण जाईल म्हणून, तो काही हौशी माणूस नव्हता. जाताय तर ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची चाचणी, पण करून घ्या, विशेषतः ४००० हर्ट्झच्या आसपास आलेखाची रेघ खाली गेलीय का बघायला सांगा, मोठ्या आवाजाचा मार सहसा तिथे आधी दिसतो. माझी रेघ सध्या ठीक आहे. पुढच्या सीझनच्या आधी परत करणार आणि टोप्या मिळाल्या नाहीत तर मीही साचाच काढून घेणार, कुणाला दादर-ठाण्याच्या मधे चांगला ऑडिओलॉजिस्ट माहीत असेल तर सांगा.