एकच दीर्घ लेख की चिवट पाठपुरावा?

बातमीत खोली दोन वाटांनी येते. एक, दीर्घ लेख. ३१ ऑगस्ट १९४६ चा जवळजवळ अख्खा अंक ‘न्यूयॉर्कर’ या अमेरिकी साप्ताहिकाने हिरोशिमातून बचावलेल्या सहा जणांना दिला आणि अणुबॉम्ब वाचकांना माणसांतून कळला.

दुसरी, पाठपुरावा. जून १९७२ मध्ये वॉशिंग्टनच्या वॉटरगेट संकुलात, विरोधी डेमोक्रॅटिक पक्षाच्या कार्यालयात पाच जण पकडले गेले. वरवर साधी घरफोडी. ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने पैशाचा माग सोडला नाही. तेव्हाचे अमेरिकी अध्यक्ष निक्सन यांच्या प्रचारनिधीतला २५,००० डॉलरचा धनादेश एका आरोपीच्या खात्यात निघाला. बातमीमागून बातमी येत राहिली. ऑगस्ट १९७४ मध्ये निक्सन पायउतार झाले (न्यायालय आणि सिनेटचा वाटाही मोठाच).

माणसाचं दुःख समजून घ्यायला दीर्घ लेखच हवा. पण सत्ता काही लपवत असेल, तर मी ठामपणे पाठपुराव्याच्या बाजूने.