वॉव क्लासिक: बाण संपतात म्हणून तो हंटर

कोथरूडात दोन पावसाळे रात्री जागून वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट (वॉव) क्लासिक हा ऑनलाइन गेम खेळलोय, 2004 चाच गेम, 2019 ला परत आणलेला, त्यामुळे ग्राफिक्सबद्दल विचारू नका, जुनाटच आहेत. मला बोलायचंय क्लासबद्दल, म्हणजे आपण कुठल्या प्रकारचा लढवय्या किंवा जादूगार होऊन खेळतो त्याबद्दल. नाव काय, हंटर, वॉरलॉक काहीही देता येतं, पण खेळताना तो तसा वाटतो का? इथे वाटतो, आणि गंमत म्हणजे कटकटीमुळे वाटतो.

माझा हंटर नाइट एल्फ वंशाचा. बाण विकत घ्यायचे, भात्यात भरायचे, वर पाळलेल्या वाघरूला खायला घालायचं, त्याला मटण मासे चालतात, पाव दिला तर शिवतही नाही. उपाशी ठेवलं की रुसतं आणि कमी मारतं, फारच दुर्लक्ष केलं तर चक्क सोडून जातं. एकदा डेडमाइन्स नावाच्या खाणीत ग्रुपबरोबर पार तिथल्या म्होरक्या व्हॅनक्लीफच्या जहाजापर्यंत पोचलो आणि भाता रिकामा. मग काय, हातातली काठी घेऊन धावलो. वाकडवरून मावसभाऊ कॉलवर बोंबलतोय, "अरे हंटर आहेस का भाजी आणायला आलायस?" त्या दिवसापासून आधी बाण मोजतो, मग ग्रुपला हो म्हणतो.

भावाचा वॉरलॉक. शत्रू मरायला टेकला की ड्रेन सोल हा मंत्र लावून त्याचा आत्मा ओढायचा, आणि त्याचा झालेला सोल शार्ड, म्हणजे आत्म्याचा तुकडा, बॅगेत अख्खा एक खण अडवतो, एकावर एक ठेवताही येत नाहीत. इम्प सोडला तर बाकीचे राक्षस बोलवायला शार्ड, जीव भरून काढणाऱ्या हेल्थस्टोनला शार्ड, लांबच्या मित्राला ओढून आणायला शार्ड आणि वर अजून दोन माणसं लागतात. मना, म्हणजे जादूची ताकद, संपला की लाइफ टॅप, म्हणजे स्वतःचं रक्त आटवून जादू, आणि सगळ्यांचा जीव भरून देणाऱ्या हीलरच्या शिव्या खायच्या त्या वेगळ्या. काळ्या विद्येचा माणूस असाच असणार ना राव.

वॉरियरही भारी, मेज, म्हणजे साधा जादूगार, भरलेला मना घेऊन येतो आणि रिकामा होतो, हा रिकामा येतो, मार देत आणि खात रेज, म्हणजे राग, भरतो.

पॅलाडिन मात्र पार फसलाय. सील हा मंत्र लावा आणि गदा आपोआप फिरताना बघत बसा, मधेच जजमेंटचा एखादा फटका, दर पाच मिनिटांनी सगळ्यांना ब्लेसिंग, म्हणजे आशीर्वाद, वाटा. धर्मयोद्धा कसला, प्रसाद वाटणारा वाटतो. ढाल घेऊन पुढे उभं राहावं म्हटलं तर शत्रूला आपल्याकडे खेचायला टाँटसुद्धा नाही.

नव्या वॉवमध्ये बाण आणि बॅगेतले शार्ड 2010 च्या कॅटाक्लिझम या विस्ताराच्या वेळीच काढून टाकले. सोय झाली, खोटं कशाला बोलू, पण मग माझा हंटर म्हणजे लांबून मारणारा कोणीतरी एवढंच उरतं. एका सबस्क्रिप्शनमध्ये दोन्ही खेळता येतात, तेव्हा स्वतःच बघा. फक्त डेडमाइन्सला निघताना गावातून बाण घेऊन निघा, आत दुकान नाहीये.