व्हीएचएस कॅसेट लॅपटॉपवर घेणारा यूएसबी डोंगल: चित्र छान, आवाजासाठी खटपट

डबीवर कंपनीचं नाव नसलेला हा स्वस्तातला डोंगल मी मावशीच्या लग्नाच्या कॅसेटसाठी मागवला. एका टोकाला यूएसबी, दुसऱ्या टोकाला पिवळं, पांढरं, लाल सॉकेट. चित्राबद्दल तक्रार नाही. ओबीएसमध्ये (लॅपटॉपवर रेकॉर्डिंग करायचं सॉफ्टवेअर) फॉरमॅट 'पाल' (आपल्याकडच्या जुन्या टीव्हीची चित्रपद्धत) निवडला की रंग नीट येतात. आवाज मात्र सुरुवातीला अजिबात नव्हता, आणि लग्नाच्या कॅसेटमध्ये आजीचा उखाणा ऐकूच आला नाही तर उरलं काय? सोबतच्या कागदावर याबद्दल एक ओळ नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी व्हीसीआर थेट टीव्हीला लावून बघा. तिथे आवाज येत असेल तर कॅसेट आणि व्हीसीआर दोन्ही ठीक आहेत.

लॅपटॉपला या डोंगलचं चित्र आणि आवाज ही दोन वेगळी उपकरणं दिसतात. ओबीएसमध्ये 'व्हिडिओ कॅप्चर डिव्हाइस' जोडल्यावर चित्र आलं, तरी आवाजासाठी 'ऑडिओ इनपुट कॅप्चर' वेगळं जोडावं लागलं. यादीत तो मायक्रोफोन म्हणून दिसतो. त्यामुळेच विंडोजच्या प्रायव्हसी सेटिंगमध्ये डेस्कटॉप ॲपना मायक्रोफोनची परवानगी नसेल, तर सगळं बरोबर जोडूनही शांतताच. ओबीएसच्या ऑडिओ मिक्सरमधली हिरवी पट्टी हलतेय पण स्पीकर गप्प आहे, असं झालं तर घाबरू नका. रेकॉर्डिंगमध्ये आवाज जातोय. ऐकायचाही असेल तर ऑडिओ मॉनिटरिंगमध्ये 'मॉनिटर अँड आउटपुट' निवडा.

आमचा व्हीसीआर मोनो, ऑडिओचं एकच भोक. ती वायर पांढऱ्या सॉकेटला लावली की आवाज एकाच कानात येतो. ओबीएसच्या ॲडव्हान्स्ड ऑडिओत 'मोनो'वर टिक केल्यावर दोन्हीकडे येतो.

काकांच्या हँडीकॅमची तऱ्हा वेगळी. त्याच्या ३.५ मिमी पिनेवर चार भाग असतात आणि त्यांचा क्रम सगळ्या कंपन्यांचा सारखा नसतो. बाजारातली दुसरी वायर लावली तर चित्र गायब आणि स्पीकरमधून नुसती घरघर. अशा वेळी वायरची लाल पिन पिवळ्या सॉकेटमध्ये घालून बघा, बऱ्याचदा चित्र तिथून येतं.

पाचपैकी तीन तारे. एक त्या कोऱ्या कागदासाठी कापला, दुसरा हातभर वायरीसाठी, कारण व्हीसीआर टेबलावर चढवावा लागतो. तरी घ्याच. फक्त ई-१८० कॅसेट उतरवायला पूर्ण तीन तास लागतात, तेव्हा आधी दोन मिनिटं रेकॉर्ड करून हेडफोनवर ऐका आणि मगच पूर्ण कॅसेट लावा.