भातखाचरासाठी ८×४२ दुर्बीण: चिखलणीत झकास, धसकटात ठीकठाक

ही ८×४२ (म्हणजे आठपट मोठं दाखवणारी, पुढची भिंगं ४२ मिलिमीटरची) दुर्बीण घेऊ का असं कुणी विचारलं की माझा आधी उलटा प्रश्न असतो, खाचरात नेमकं कधी जाणार? कारण तीच जागा वर्षात कधी तळं असते, कधी गच्च गवत तर कधी कोरडं माळरान, आणि पीक पुढे सरकलं की पक्षी बदलतात आणि दुर्बिणीचं कामही बदलतं. कंपनीचं नाव देत नाही, या रेंजमधल्या बऱ्याचशा ८×४२ साधारण अशाच निघतात.

चिखलणीला तोड नाही. ट्रॅक्टर फिरला की मातीतले किडे, गांडुळं, बेडकं उघडी पडतात आणि गायबगळे, ढोकऱ्या अगदी चाकामागे धावत असतात, त्या धावपळीत १०× वाली घेतलीत तर निम्मा वेळ पक्षी शोधण्यातच जातो, ८× मध्ये हजार मीटरवर साधारण १४० मीटर रुंद पट्टा दिसतो म्हणून अख्खा थवा एकदम बसतो. फोकसचं चाक सैल नाही पण जडही नाही, बोटाला चिखल लागला तरी फिरतं. रोपणीच्या आसपास पाणी बोट-दोन बोट असलं की तुतारे आणि शेकाटे येतात, पण पाणी जरा खोल झालं की आखूड पायांच्या तुताऱ्यांची सोय संपते आणि उरतात लांब पायवाले. ठिपकेवाला तुतारा की हिरवा तुतारा हा नेहमीचा घोळ इथे सुटतो, ठिपकेवाल्याची डोळ्यावरची लांब पांढरी पट्टी आणि पिवळसर पाय स्वच्छ दिसतात. बाहेर येणारा प्रकाशाचा गोल सव्वापाच मिलिमीटरचा (४२ भागिले ८, एवढंच गणित) म्हणून भल्या पहाटेही चित्र काळं पडत नाही. मात्र सूर्य समोर आला की पाण्यावरची चमक डोळ्यात घुसते, भिंगावरचं चमक रोखणारं कोटिंग तिथे कमी पडतं.

रोपं गुडघ्याच्या वर गेली की दुर्बीण गळ्यात लटकलेलीच राहते, खरं सांगतो. पाणकोंबड्या, फटाकड्या आत असतात, आवाज येतो, दिसत काही नाही, तिथे कान लागतात. वटवट्या मात्र बांधावर येऊन बसतो, आणि दोन मीटरवरही फोकस होत असल्यामुळे चतुर बघता येतात, ते वेगळंच वेड आहे. सारखी फवारणी होणाऱ्या खाचरात हे चतुरही नसतात आणि मग त्यांच्यावर जगणारे पक्षी तरी कुठून येणार, तिथे महागडी लेन्स काय दाखवणार!

चीनमध्ये १९८१ साली तुरेवाले शराटी (लांब वाकड्या चोचीचे पाणपक्षी) जंगलात फक्त ७ उरलेले सापडले होते, ते टिकले त्यात घरट्यांची राखण होतीच, पण आसपासच्या भातशेतात कीटकनाशकं बंद केली आणि हिवाळ्यात खाचरात पाणी राखलं, हाही मोठा भाग होता. कापणीनंतर पाणी ठेवायचं की सोडून द्यायचं याचा फरक एवढा पडतो.

दाणे भरले की मुनियांचे थवे, लोंबीला लटकलेले, छान दिसतात. कापणी होऊन शेत सुकलं की सांडलेल्या दाण्यांवर कबुतरं, होले, आणि धसकटात तिरचिमण्या, चंडोल, धोबी, वरून भोवत्या हा शिकारी पक्षी घिरट्या घालत जातो. इथे ८× कमी पडते, तिरचिमणीच्या छातीवरच्या रेघा लांबून कळत नाहीत. पण दुपारी जमिनीतून उठणारी गरम हवा सगळं थरथरवते आणि मग १०× असो की स्कोप (तिकाटण्यावरची मोठी एकडोळी दुर्बीण), थरथरही तेवढीच मोठी दिसते. सकाळी लवकर जा, दुसरा उपाय नाही. धसकटं जाळलेली असतील तर जाऊच नका, दाणेही गेले आणि आडोसाही गेला.

बाकी तक्रारी किरकोळ. पुढची झाकणं सैल आहेत, एक चिखलात गेलं ते गेलंच. पट्टा मानेला काचतो, खांद्यावर क्रॉस घालायचा हार्नेस वेगळा घ्या. आत नायट्रोजन भरलेला असल्याने पावसातही आतून वाफ धरत नाही, हे खाचरासाठी मस्ट. चष्मा असेल तर आय रिलीफ (डोळा भिंगापासून किती लांब ठेवून पूर्ण चित्र दिसतं ते अंतर) १५ मिलिमीटरच्या वर आहे ना ते बघूनच घ्या, आणि फक्त सुक्या धसकटातच फिरणार असाल तर सरळ १०×४२ कडे जा.