लॉगमध्ये रोज ‘तपासणी पूर्ण’ यायचं, तपासणी कधी झालीच नव्हती

आमचं किराणा मालाचं ठोक दुकान नागपूरच्या इतवारीत आहे आणि गोदाम अमरावती रोडवर, वाडीला. बिलं गोदामात बनतात. दिवसभराच्या बिलांची फाइल रात्री दहाला वाडीच्या सर्व्हरवरून इतवारीच्या सर्व्हरवर आपोआप यावी, हे काम मी एका माणसाला दिलं. ओळखीतून आला होता. कोटेशन 40 हजारांचं, त्यात ‘प्रत्येक फाइलची चेकसम पडताळणी’ यासाठी वेगळे 12 हजार. चेकसम म्हणजे फाइलच्या मजकुरावरून काढलेला आकडा; दोन्हीकडे तो जुळला की फाइल जशीच्या तशी आली. मी विचारलं, मधेच लाइन गेली तर? तो म्हणाला, “भाऊ, टेन्शन नका घेऊ, अर्धी फाइल आपली सिस्टम घेतच नाही.” लॉगमध्ये, म्हणजे सिस्टम आपोआप लिहिते त्या नोंदींमध्ये, रोज ‘तपासणी पूर्ण’ दिसायचं. मीही रोज बघायचो आणि निर्धास्त व्हायचो.

जूनच्या 15 तारखेला कामठीच्या एका गिऱ्हाइकाचा फोन आला. त्यांची मे महिन्याची दोन बिलं जीएसटीआर-2बी मध्ये, म्हणजे खरेदीदाराला जीएसटी पोर्टलवर दिसणाऱ्या खरेदीच्या यादीत, दिसत नव्हती. आमची उलाढाल पाच कोटींच्या आत, म्हणून ई-इनव्हॉइस (प्रत्येक बिल सरकारी पोर्टलवर नोंदवणं) नाही. जीएसटीआर-1, म्हणजे आमच्या विक्रीचं रिटर्न, इतवारीच्या रजिस्टरवरूनच भरला जातो. मी वाडीचं रजिस्टर समोर ठेवून एकेक दिवस जुळवला. मे महिन्यातल्या तीन फाइली अर्ध्याच आल्या होत्या. त्यातल्या एका दिवशी वाडीत 61 बिलं, इतवारीत 38. आणि ते अडतिसावं बिल 18450 रुपयांचं. फाइल नेमकी आकड्याच्या मधोमध तुटल्यामुळे आमच्याकडे 184 रुपये नोंदलेले. सॉफ्टवेअरला त्यात चूक दिसलीच नाही, कारण 184 हाही एक आकडाच आहे.

माझ्या भाच्याने त्या माणसाची स्क्रिप्ट, म्हणजे फाइल पाठवणाऱ्या आज्ञांची यादी, उघडून दाखवली. चेकसम काढणारी एकही ओळ तिच्यात नव्हती. फाइल पाठवायची आज्ञा, आणि तिच्याखाली लगेच लॉगमध्ये ‘तपासणी पूर्ण’ लिहायची आज्ञा. पाठवणं फसलं तरी ते शब्द छापले जायचेच. ज्या कामाचे 12 हजार घेतले, ते केलेलंच नव्हतं, आणि केल्याचं रोज रात्री लिहून दिलं जात होतं. याला मी चूक म्हणू शकत नाही.

घोळ कसा व्हायचा तेही समजून घ्या. एसएफटीपीने (नेटवरून फाइल सुरक्षित पाठवायची पद्धत) फाइल थेट खऱ्या नावाने येत होती. पहिला तुकडा पडला की त्या नावाची फाइल फोल्डरमध्ये दिसू लागते. इकडे क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप काम चालवणारा प्रोग्रॅम) दर पाच मिनिटांनी फोल्डर बघून दिसेल ती फाइल उचलायचा आणि ‘घेतली’ अशी खूण करायचा. मागून उरलेली बिलं आली तरी त्यांच्याकडे कोणी बघत नव्हतं.

जाब विचारल्यावर त्याने आधी इंटरनेटवाल्यावर ढकललं. मग म्हणाला, “साइज एक मिनिट तेवढीच राहिली तरच उचलते भाऊ, म्हणजे पूर्णच असते.” तसं नसतं. लाइन अडकली की अर्ध्या फाइलची साइजही तेवढीच राहते. त्यानंतर त्याने फोन उचलणं बंद केलं. राहिलेली बिलं आम्ही पुढच्या रिटर्नमध्ये दाखवली, उशिरा भरलेल्या करावर वार्षिक 18 टक्के दराने व्याज भरलं. गिऱ्हाइकाचं क्रेडिट, म्हणजे खरेदीवर दिलेल्या कराची वजावट, मात्र आमच्यामुळे महिनाभर अडकलं, आणि त्याची मला जास्त लाज वाटली.

आता फाइल येताना तिच्या नावापुढे ‘डॉट पार्ट’ असतं आणि ते नाव उचलायचंच नाही असा नियम आहे. फाइल पूर्ण आली, दोन्हीकडचा एसएचए-256 (चेकसमचा एक प्रकार) जुळला, की मगच खरं नाव दिलं जातं. तात्पुरता फोल्डर त्याच ड्राइव्हवर, त्याच फाइल सिस्टमवर हवा. तिथे नाव बदलणं एका झटक्यात होतं. दुसऱ्या ड्राइव्हवर असेल तर आतून पुन्हा कॉपीच होते आणि अर्ध्या फाइलचा धोका परत येतो. आरसिंक हा फाइल पाठवायचा प्रोग्रॅम मुळातच तात्पुरत्या नावाने लिहून शेवटी नाव बदलतं, पण कोणी ‘इनप्लेस’ (थेट खऱ्या फाइलवरच लिहायचा) पर्याय लावला असेल तर ते संरक्षण जातं. शिवाय प्रत्येक फाइलच्या शेवटच्या ओळीत बिलांची संख्या आणि एकूण रक्कम येते. ती ओळ नसेल तर फाइल घेतली जात नाही.

नव्या माणसाला शेवटचा हप्ता देण्याआधी मी वाडीला गेलो, मोठी फाइल पाठवायला लावली आणि मधेच नेटवर्कची वायर काढली. इतवारीत ‘पार्ट’ नावाची फाइल पडून राहिली, रजिस्टरमध्ये एकही बिल चढलं नाही, आणि माझ्या मोबाइलवर फाइल अडकल्याचा मेसेज आला. जुना माणूस तेच कोटेशन घेऊन अजून बाजारात फिरतो आहे असं ऐकतो. तुमच्याकडे आला तर त्याचा लॉग बघू नका, पैसे देण्याआधी त्याच्यासमोर वायर काढा.